पांढऱ्या डागाची गोष्ट



व्हिनेगर ही काही दुर्मिळ चीज नाही. गोव्याकडे माडाच्या सुरेपासून ते घरोघर करीत आले आहेत आणि शहरातल्या चायनीज हॉटेलात त्याची बाटली टेबलावरच असते. व्हिनेगरला आंबटपणा येतो तो असेटिक आम्लामुळे. हेच आम्ल पाण्यात शेकडा तीन ते पाच या प्रमाणात मिसळून, कापसाच्या बोळ्याने स्त्रीच्या गर्भाशयमुखाला लावले आणि मिनिटभर थांबले, तर कधी कधी त्या गुलाबी भागावर एक पांढरा डाग उमटतो. थोड्या वेळाने तो आपोआप विरूनही जातो. हा डाग म्हणजे काय, तो पहिल्यांदा कोणी पाहिला, आणि त्याच्यावर कितपत भरवसा ठेवावा, हा आजचा विषय.

विषय संकोचाचा आहे हे मी जाणतो. आपल्या घरांतून ‘पिशवीचं दुखणं’ एवढ्या दोन शब्दांवर बोलणे थांबते. फार तर ‘अंगावरून जातं’ असे एखादी बाई दुसरीला हळूच सांगते. या संकोचाने रोगाला मोकळे रान मिळाले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सव्वा लाखाहून अधिक नव्या रुग्ण स्त्रिया होत्या आणि त्याच वर्षी सुमारे ऐंशी हजार स्त्रिया त्या रोगाने दगावल्या. आणि हा रोग एका रात्रीत होत नाही, बरं का. आधी अस्तराच्या पेशी बिघडतात, मग वर्षे जातात, बहुधा दहा-पंधरा वर्षे, आणि मग कुठे त्याचा कर्करोग होतो. या सगळ्या काळात बाईला दुखत नाही, खुपत नाही. ती शेतात जाते, लेकरांचे करते, कामावर जाते. म्हणून, कोणी तरी मुद्दाम पाहिल्याशिवाय ते कळावे कसे?

पाहण्याच्याही आधी मोजणी झाली. इटलीतल्या व्हेरोना शहराच्या मृत्यूच्या नोंदी रिगोनी-स्टर्न नावाच्या वैद्याने चाळल्या. १७६० ते १८३९ पर्यंतच्या जवळजवळ ऐंशी वर्षांच्या त्या नोंदी होत्या. १८४२ साली त्याने दाखवून दिले की गर्भाशयाच्या कर्करोगाने मरण पावणाऱ्यांत विवाहित स्त्रिया व विधवा पुष्कळ, आणि मठातल्या जोगिणी फारच थोड्या. स्तनाच्या कर्करोगाचे मात्र उलट होते. पुढे १९६३ साली मुंबईत कर्करोगाच्या रुग्णांची पद्धतशीर नोंद सुरू झाली, तेव्हा आपल्याकडेही समाजासमाजांतला फरक दिसला: पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक आणि गर्भाशयमुखाचा कमी. व्हेरोनाच्या त्या आकड्यांवरून या रोगाचा शरीरसंबंधाशी काही तरी धागा आहे हे उमगले; धागा कसला, ते समजायला मात्र एकशेचाळीस वर्षे जावी लागली.

आता पाहण्याकडे वळू. जर्मनीत बॉन येथे हान्स हिन्सेलमान नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. एका मोठ्या वैद्यकीय ग्रंथासाठी गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर प्रकरण लिहिण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्यांचा तर्क साधा होता. मोठा झालेला कर्करोग नुसत्या डोळ्यांनी दिसतो. मग अगदी सुरुवातीचा, ठिपक्याएवढा कर्करोग भिंगातून का दिसू नये? त्यांनी दोन डोळ्यांनी पाहायची दुर्बीण घेतली, तिला दिवा जोडला आणि ती स्टँडवर बसवली. या यंत्राची हकिकत त्यांनी १९२५ साली छापली. तेच आजचे कोल्पोस्कोप. गंमत अशी, की त्यांना शोधायचा होता बारीकसा फोड किंवा व्रण, आणि दिसले मात्र निराळेच: पांढरट चट्टे, त्यांवर लाल टिंबांची रांगोळी, कुठे फरशीच्या जोडांसारखी रक्तवाहिन्यांची जाळी. १९३० नंतरच्या दशकात ते असेटिक आम्ल वापरू लागले. त्याने वरचा चिकट स्राव साफ होतो आणि ते पांढरे चट्टे ठळक उठून दिसतात.

असे का होते, ते आता बरेचसे समजले आहे. निरोगी अस्तराच्या वरच्या पेशींत केंद्रक लहान आणि पेशीद्रव पुष्कळ. उजेड त्यांतून आत जातो आणि खालच्या रक्ताचा गुलाबी रंग दिसतो. बिघडलेल्या भागात केंद्रके मोठी आणि दाटीवाटीने असतात. आम्लाने पेशींतली प्रथिने तेवढ्यापुरती गोठल्यासारखी होतात आणि उजेड आत न जाता परत फिरतो, म्हणून तो भाग पांढरा. उकडल्यावर अंड्याचा पारदर्शक बलक पांढरा होतो ना, त्यातलाच प्रकार. मात्र अंडे पुन्हा कच्चे होत नाही आणि हा डाग मात्र काही मिनिटांत मावळतो.

त्याच सुमारास व्हिएन्नात वॉल्टर शिलर हे पॅथॉलॉजिस्ट दुसऱ्या वाटेने निघाले होते. कर्करोगाला रंगवील असा रंग त्यांना हवा होता. पुष्कळ रंग त्यांनी वापरून पाहिले. अखेर १९२८ च्या सुमारास हाती आले ते उलटे उत्तर. लुगोलचे आयोडीन, म्हणजे जखमेला लावतो त्या टिंक्चर आयोडीनचेच पाण्यातले भावंड, निरोगी अस्तराला गडद तपकिरी रंगवते, कारण त्या पेशींत ग्लायकोजेन असते. बिघडलेल्या पेशींत ते उरत नाही, म्हणून तो भाग फिका, पिवळसर राहतो. रंग जिथे चढला नाही तिथे संशय घ्यायचा! शाळेतल्या मुलालाही समजावे इतकी सोपी ही युक्ती आजही ‘शिलरची चाचणी’ म्हणून चालते.

या दोघांची आयुष्ये पुढे कशी वळली, ते सांगितल्याविना ही गोष्ट पुरी होत नाही. शिलर ज्यू होते. नाझींच्या सावटामुळे त्यांना व्हिएन्ना सोडावी लागली आणि पुढची वर्षे त्यांनी अमेरिकेत शिकागोला काढली. हिन्सेलमान जर्मनीतच राहिले. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या हेल्मुट विर्ट्‌स या डॉक्टरचा भाऊ एडुआर्ट हा ऑश्विट्‌झच्या छळछावणीचा मुख्य डॉक्टर होता. त्या छावणीतल्या दहा नंबरच्या बराकीत ज्यू स्त्री-कैद्यांवर कोल्पोस्कोपने तपासण्या झाल्या, त्यांच्या गर्भाशयमुखाचे तुकडे कापून काढले गेले आणि तपासणीसाठी हॅम्बुर्गकडे पाठवले गेले. त्या बायकांना कोणी काही विचारले नव्हते. युद्ध संपल्यावर, १९४६ साली, ब्रिटिश लष्करी न्यायालयाने हिन्सेलमानना तीन वर्षांची शिक्षा दिली. आरोप होता रोमा, म्हणजे जिप्सी, स्त्रियांच्या सक्तीच्या वंध्यीकरणाचा. अनेक दशके वैद्यकाच्या पुस्तकांतून ‘कोल्पोस्कोपीचे जनक’ एवढाच त्यांचा उल्लेख येत राहिला. मला वाटते, दोन्ही गोष्टी एकाच पानावर छापाव्यात.

इकडे अमेरिकेत पापानिकोलाऊ या मूळच्या ग्रीक शास्त्रज्ञाने तिसरीच वाट काढली. अस्तरावरून गळलेल्या पेशी काचेवर पसरायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. १९२८ साली त्यांनी हे प्रथम मांडले, तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही. बुखारेस्टमधल्या बाबेश यांनीही जवळजवळ त्याच वेळी असेच काम केले होते. १९४१ नंतर मात्र ‘पॅप स्मीअर’ने श्रीमंत देशांत जम बसवला आणि जिथे ती नेमाने झाली तिथे या रोगाने होणारे मृत्यू फार कमी झाले.

या काचांवरच विषाणूची पहिली पाऊलखूण उमटली होती. फक्त ती कोणाची, हे कळत नव्हते. १९५६ साली कॉस आणि डर्फी यांनी काही विचित्र पेशींचे वर्णन केले. केंद्रक सुरकुतलेले, काळपट, आणि त्याभोवती मोकळी पांढरी पोकळी, जणू कोणी खोडरबराने पुसली आहे. पोकळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांना ‘कोइलोसाइट’ म्हणू लागले. पुढे १९७६ मध्ये कॅनडातल्या क्विबेक येथे माइझेल्स आणि फोर्तिन यांनी ओळखले की या पेशी चामखिळीच्या विषाणूने पछाडलेल्या आहेत. आणि गर्भाशयमुखावरच्या चामखिळी नेहमी फुलकोबीसारख्या वर येत नाहीत. बहुतेक सपाट असतात, नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत. आम्ल लावून कोल्पोस्कोपमधून पाहावे, तेव्हा त्या पांढऱ्या डागाच्या रूपाने प्रकट होतात. म्हणजे हिन्सेलमाननी जे पांढरे चट्टे पाहिले, त्यांतले कितीतरी या विषाणूचेच होते, आणि पन्नास वर्षे कोणाला त्याचे नाव ठाऊक नव्हते!

तोवर संशय भलत्याच विषाणूवर, नागिणीच्या गोतातल्या हर्पिसवर, होता. जर्मनीतले हाराल्ट झुर हाउझेन यांनी ते मानले नाही. त्यांच्या प्रयोगशाळेत १९८३ साली मानवी पॅपिलोमा विषाणूचा, म्हणजे एचपीव्हीचा, सोळा नंबरचा प्रकार आणि पुढच्या वर्षी अठरा नंबरचा प्रकार कर्करोगाच्या पेशींत सापडला. या दोघांच्या माथी गर्भाशयमुखाच्या सुमारे सत्तर टक्के कर्करोगांचे खापर जाते. २००८ साली झुर हाउझेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. व्हेरोनाच्या जोगिणींचे कोडे तेव्हा सुटले.

आता मूळ प्रश्न: तपासणी करणाऱ्या डॉक्टरला किंवा नर्सबाईंना या विषाणूच्या खुणा दिसतात, त्या कशा? आम्ल लावल्यावर उठणारा फिकट, बर्फासारखा पांढरा डाग. नकाशातल्या किनाऱ्यासारखी वेडीवाकडी, पिसासारखी विरलेली कड. मुख्य डागापासून दूर सुटलेली छोटी बेटे. पृष्ठभागावर बारीक काटेरी उंचवटे. आणि आयोडीन लावले की चित्त्याच्या कातड्यासारखा ठिपक्याठिपक्यांचा रंग. अशा खुणा बहुधा सौम्य बिघाडाच्या असतात आणि सौम्य बिघाड बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. शरीर एक-दोन वर्षांत विषाणूला हुसकून लावते. भीती अधिक असते ती दाट, चुन्यासारख्या मळकट पांढऱ्या डागाची, ज्याची कड सरळ आणि कोरीव असते, जो लवकर उठतो आणि सावकाश मावळतो, ज्यात टिंबे आणि जाळी जाड-भरड दिसते.

पण इथेच डोळा फसतो. लैंगिक भागावरचे फुलकोबीसारखे कोंब पाहून बाई घाबरते, नवरा घाबरतो, कधी संसारात संशय शिरतो. ते कोंब बहुधा सहा आणि अकरा नंबरच्या प्रकारांचे असतात, आणि या प्रकारांमुळे हा कर्करोग होत नाही म्हटले तरी चालेल. उलट सोळा नंबर अंगात असून गर्भाशयमुख स्वच्छ गुलाबी दिसू शकते. शिवाय पांढरे दिसणारे सारेच विषाणूचे नसते. अस्तर नव्याने घडत असले, सूज असली, जखम भरून येत असली, तरीही आम्लाने थोडे पांढरे होतेच. आणि पाळी गेलेल्या बायकांत हा रोग जिथून सुरू होतो ती दोन अस्तरांची सीमारेषा आत, नळीत सरकते. तिथे डोळा पोचतच नाही. थोडक्यात, डागावरून विषाणूचे नाव वाचता येत नाही, आणि आपल्याला तो कुठून आला, कधी आला, हे तर मुळीच सांगता येत नाही. वर्षानुवर्षे तो गुपचूप राहू शकतो. एखाद्या बाईच्या तपासणीच्या कागदावर ‘एचपीव्हीची लक्षणे’ असे चार शब्द वाचून घरात पंचायत बसवणे हे अज्ञान तर आहेच, अन्यायही आहे.

मग असा अर्धवट साक्षीदार कामाचा काय? आपल्या महाराष्ट्राने त्याची परीक्षा घेतली आणि ती साऱ्या जगाने वाचली. पॅप स्मीअरला प्रयोगशाळा हवी, काचा वाचणारी तयार माणसे हवीत, आणि निकाल सांगायला बाईला पुन्हा बोलवावे लागते. गरीब मुलखात हे जमत नव्हते. व्हिनेगरची तपासणी जागच्या जागी निकाल देते. मुंबईत टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये झोपडपट्ट्यांतून काम सुरू केले. वीस वस्त्या, ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया. अर्ध्यांना दर दोन वर्षांनी एकदा, अशी चार वेळा व्हिनेगरची तपासणी देऊ केली. तपासणाऱ्या कोण, तर दहावीपर्यंत शिकलेल्या आणि थोडे प्रशिक्षण घेतलेल्या बाया. २०१३ साली निकाल जाहीर झाला: त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी.

बार्शीचा अनुभव मात्र वेगळा आहे, आणि माझ्या मते अधिक बोलका. सोलापूर जिल्ह्यातल्या या गावी १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंद होत आली होती; भारतातली तशी ती पहिलीच. तिच्या आधारे शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया चार गटांत विभागल्या. एका गटाला विषाणूची चाचणी, दुसऱ्याला पॅप स्मीअर, तिसऱ्याला व्हिनेगर आणि चौथ्याला नेहमीचीच सेवा, म्हणजे खास तपासणी काहीच नाही. तपासणी आयुष्यात एकदाच. व्हिनेगरने शंभरांत सुमारे चौदा बायका संशयित ठरल्या, विषाणूच्या चाचणीने सुमारे दहा. आठ वर्षांनंतर, २००९ साली, हिशेब छापून आला. विषाणूची चाचणी झालेल्या गटात या रोगाने ३४ मृत्यू, पॅपच्या गटात ५४, व्हिनेगरच्या गटात ५६ आणि तपासणी न झालेल्या गटात ६४. गट साधारण सारखेच, प्रत्येकी तीस-चौतीस हजारांचे. म्हणजे विषाणूच्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, आणि एकदाच केलेल्या व्हिनेगरच्या तपासणीचा फायदा आकडेशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. तमिळनाडूत दिंडिगुल जिल्ह्यात मात्र एकदाच केलेल्या व्हिनेगर तपासणीने मृत्यू ३५ टक्क्यांनी घटल्याचे २००७ मध्येच प्रसिद्ध झाले होते. एकाच कामाचे असे निरनिराळे निकाल का लागावेत? तपासणारे डोळे वेगळे, त्यांचे शिक्षण वेगळे, मागून मिळालेले उपचार वेगळे, आणि मुंबईत तर फेऱ्याही चार. यंत्राची नजर सगळीकडे सारखी असते, माणसाची नसते.

ते ६४ मृत्यू मला स्वस्थ बसू देत नाहीत. पॅप स्मीअरचा उपयोग जगाला अर्धशतक ठाऊक असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवून त्यांचे मृत्यू मोजावेत का, अशी कडक टीका या प्रयोगांवर झाली. करणाऱ्यांचे उत्तर असे, की त्या भागात तपासणीची सोय मुळात कोणालाच नव्हती. त्यांनी कोणाकडून काही काढून घेतले नाही. उत्तर खोटे नाही. पण ती सोय का नव्हती, हा प्रश्न डॉक्टरांना विचारून भागत नाही. तो तुम्हा-आम्हाला आणि आपल्या सरकारांना आहे. २०१६ साली केंद्र सरकारने ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी व्हिनेगरने तपासणी करण्याचा आराखडा काढला. त्यानंतर २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांत अशी तपासणी कधी तरी झालेल्या दोनदेखील निघाल्या नाहीत.

२०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सल्ला दिला, की पहिली तपासणी शक्य तिथे विषाणूच्या चाचणीनेच करावी. तिचा नमुना बाईला स्वतः, आडोशाला जाऊन, घेता येतो. संकोचाचा अर्धा डोंगर तिथेच उतरतो. लस तर २००६ पासून आहे, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२२ मध्ये आपल्या देशात तयार झालेली लसही आणली. लहान मुलींना ती द्यावी. मात्र ज्यांच्या अंगात विषाणू आधीच शिरला आहे, त्यांना तिचा उपाय म्हणून उपयोग नाही. त्यांच्यासाठी तपासणीच हवी.

आणि चाचणीत विषाणू आहे असे निघाले, की पुढे काय? पुन्हा तोच दिवा, तोच कापसाचा बोळा आणि तेच आंबट पाणी. विषाणू आहे एवढे यंत्र सांगते; पण गर्भाशयमुखाचा कोणता भाग गोठवायचा किंवा जाळायचा, डाग नळीत किती आत गेला आहे, तुकडा कुठून घ्यायचा, हे ठरवायला डॉक्टर किंवा नर्सबाई अजून मिनिटभर थांबतात, आणि पांढरे काय उठते ते पाहतात.